ठिपक्यांच्या सहा प्रश्नपत्रिका

बुकोबा, १२ फेब्रुवारी

मुगान्यिझी दादा,

आठ वर्षांनी पत्र लिहिते आहे म्हणून राग गेला असं समजू नकोस. राग आहे तिथेच आहे. गेल्या रविवारी प्रुडेन्शिया वहिनीचा म्वांझाहून फोन आला होता. म्हणाली, "तुझा भाऊ तुझी चौकशी करतो गं, पण फोन हातात द्यायला गेले की नको म्हणतो." म्हटलं, चौकशी करतोय तर उत्तर देऊन टाकू. पत्र वहिनीच तुला वाचून दाखवेल. वहिनी, तुला नमस्कार.

मी बरी आहे. शाळेत इतिहास शिकवते. हो, त्याच शाळेत, जिला तू माझ्याबद्दल कळवलं होतंस की माझ्या बहिणीला दिसत नाही, तब्येतही नाजूक असते, ती नोकरीवर रुजू होणार नाही. ते पत्र मुख्याध्यापिकाबाईंनी मला वाचून दाखवलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी होते. एकटीने दोन बस बदलून आले होते, आणि माझ्या छत्रीचं पाणी त्यांच्या फरशीवर ठिबकत होतं. बाई म्हणाल्या, "मग समोर उभी आहे ती कोण?" मी म्हटलं, "जी रुजू होणार नाही, तीच. पहिला तास किती वाजता?"

असो. आता कामाचं सांगते.

माझ्या शेवटच्या वर्गात सहा मुलं अशी आहेत, की त्यांना माझ्यासारखंच दिसत नाही. १८ मार्चला जिल्ह्याची सराव परीक्षा आहे. दर वर्षी अशा मुलांशेजारी कोणीतरी वाचणारा बसवतात. मागच्या वर्षी आलेल्या गृहस्थांना शेतावर जायची घाई होती. त्यांनी एक प्रश्न गाळला, दोन प्रश्न एका दमात वाचले, आणि मुलांनी पुन्हा वाचा म्हटलं तर "कान नाहीत का?" म्हणून खेकसले. निकाल लागला तेव्हा सगळे म्हणाले, बिचारी मुलं, तेवढीच त्यांची झेप. मी त्या दिवशी जेवले नाही.

या वर्षी मी बाईंना शब्द दिला आहे. सहाही मुलांच्या बोटांखाली स्वतःची प्रश्नपत्रिका असेल, ब्रेलमध्ये. ठिपके उठवणारा प्रिंटर शाळेच्या कोठीत तीन वर्षं खोक्यात पडून आहे. तो माझ्याच लॅपटॉपला जोडता येतो. अडचण एवढीच, की समिती प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी तिच्या वेबसाइटवर टाकते, आणि ती वेबसाइट माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही. "तुमची सिस्टीम जुनी आहे" म्हणते आणि तोंड मिटते. म्हणजे सिस्टीम बदलायची.

लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. बिजागरी मोडली, ती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून धरली आहे. चार्जर काढला, की चार आकडे मोजायच्या आत बंद. पाऊण तास चालला की इतका तापतो, की वर घेवडा शिजावा. पण तो मला स्क्रीनवरचा शब्दन् शब्द वाचून दाखवतो, पडसं झालेल्या पाद्र्याच्या आवाजात. माझे सगळे धडे त्याच्याच पोटात आहेत.

बाजारात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या इशेंगोमाकडे नेला. तो म्हणाला, "म्वालिमू, मास्तरीणबाई, याचा दफनविधी करा आता. मी फुलं आणतो."

"दुरुस्त होईल की नाही?"

"झाला तरी नवी सिस्टीम याला झेपायची नाही. आणि तुम्ही कशाला त्रास घेता? इथे ठेवा, मी बघतो."

"बघायचं काम तुझं, करायचं माझं," मी म्हटलं. "एक पेचकस दे आणि जुन्या यंत्राची बॅटरी असेल तर शोध."

पेचकस घेऊन आले आहे. पुढे काय झालं ते कळवीन. तू विचारलं नाहीस तरी.

केमिलेंबे


बुकोबा, २६ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप वहिनीकडून कळला. "शाळेतल्या एखाद्या माणसाकडून करवून घे म्हणावं, हात कापून घेशील." हात शाबूत आहेत. दहाही बोटं मोजून घेतली.

आता ऐक. टेबलावर चादर पसरली. शेजारची कोकु आजी अंड्यांचा रिकामा पुठ्ठा देऊन गेली. लॅपटॉप उलटा ठेवून एकेक स्क्रू काढला, आणि तो लॅपटॉपवर ज्या जागी होता, पुठ्ठ्यातल्या त्याच जागेच्या खळग्यात टाकला. वरच्या रांगेत चार, मधल्या रांगेत तीन, खाली पाच. मधल्या रांगेतला एक आखूड निघाला. तो चुकून दुसरीकडे गेला असता तर पुन्हा बसला नसता. झाकण निघाल्यावर आधी बोट न लावता वास घेतला. जळकट वास नव्हता. मग पंखा शोधला. त्याच्या पात्यांत आणि शेजारच्या जाळीत धूळ अशी बसली होती, की बोटाला कांबळ्यासारखी लागली. चिमट्याने सोलून काढली, तर अख्खी एक पट्टी हातात आली! कोकु आजी दारातून म्हणाली, "अगं बाई, उंदीर मेला होता काय आत?"

मऊ ब्रशने जाळी साफ केली, पंखा बोटाने फिरवून पाहिला. आधी घरघरत होता, आता सुळकन फिरला. इशेंगोमाने एका मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी शोधून ठेवली होती, ती बसवली. सगळे स्क्रू जागच्या जागी लावले. एकही उरला नाही. हे मी तुला दोनदा सांगते आहे असं समज. एकही उरला नाही.

चार्जर काढून आकडे मोजायला लागले. चारच्या पुढे गेले, शंभरच्या पुढे गेले, मग मोजायचा कंटाळा आला. घड्याळाने पन्नास मिनिटं निघाली. आता सिस्टीम बदलताना वीज गेली तरी तो मध्येच आडवा व्हायचा नाही. वीज तर इथे आपल्या मर्जीने येते-जाते.

धडे सगळे दोन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. एक माझ्या पेटीत, दुसरा कोकु आजीच्या कॉफीच्या डब्यात. मग अकरा वर्षांचा पसारा आवरला, कारण नव्या सिस्टीमला जागा लागते. त्यात बाबांच्या अंत्यविधीतलं तुझं भाषण सापडलं, मी तेव्हा रेकॉर्ड केलं होतं. पुसणार होते. पुसलं नाही. याचा जास्त अर्थ लावू नकोस.

शनिवारी सिस्टीम चढवणार.

केमिलेंबे


बुकोबा, ५ मार्च

दादा,

हे पत्र ठिपक्यांत आलं म्हणून दचकू नकोस. लॅपटॉप मुका झाला आहे. पाटी आणि टोचा घेऊन लिहिते आहे. ओळींत दुप्पट जागा सोडली आहे, ठिपके खोल उठवले आहेत. वहिनीला हे वाचता येणार नाही, त्यामुळे तुलाच वाचावं लागेल. तुला येत होतं. सावकाश वाच. मला घाई नाही.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. पाद्रीबुवा टक्के सांगत होते, दहा, तीस, सत्तर. दोनदा वीज गेली, लॅपटॉप हूं की चूं न करता चालत राहिला. शंभर झाले. "आता बंद करून पुन्हा सुरू करतो," एवढं बोलून बुवा गप्प झाले ते झालेच.

पंखा फिरत होता. हात लावला तर कोमट. म्हणजे यंत्र जिवंत होतं. पासवर्ड टाकला. बरोबर पडला की चूक, कोण सांगणार? हेडफोन लावून पाहिले. शुकशुकाट. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, तीच गत. दादा, माझ्यासाठी तो आवाज गेला म्हणजे यंत्राची नुसती पेटी उरली.

मोशीच्या मैत्रिणीला, नाएलिजवाला, फोन केला. तिलाही दिसत नाही आणि कॉम्प्युटरमधलं तिला माझ्या दसपट कळतं. ती म्हणाली, "मी सांगते त्या कळा दाब. आवाजाचं सेटिंग उघडेल. तिथे आवाज कुठल्या वाटेने जातोय ते नाव लिहिलेलं असतं. ते कोणाकडून तरी वाचून घे."

शाळा बंद. लेखनिक गावाला. शेजारी फक्त कोकु आजी, तिचं वय सत्तरच्या पुढे, आणि आयुष्यात शाळेची पायरी चढलेली नाही. तिला बोलावलं.

"मला कुठे वाचता येतं, म्वालिमू?"

"वाचू नका. काय दिसतं ते सांगा."

आजीने तोंडातली कॉफीची बी गालात सरकवली आणि स्क्रीनला नाक लावलं. "मुंग्या दिसतात."

"मधोमध, उजेड असलेल्या पट्टीवर काय आहे? पहिली मुंगी कशी आहे?"

"ही? ही पोट सुटलेल्या माणसासारखी आहे. पाठ ताठ, पुढे ढेरी."

"तिच्या पुढची?"

"पेला. उघडा. त्याच्यापुढे पूल आहे, दोन कमानींचा. अगं, पुढे पुन्हा तसाच पूल!"

"आणि मग?"

"फांदी. वर फाटा फुटलेली, खाली शेपूट."

डी, यू, एम, एम, वाय. डमी!

मी ओरडलेच. आजी म्हणाली, "शिवी आहे काय ती?" नाएलिजवाला कळवलं, तर ती म्हणाली, म्हणजे नव्या सिस्टीमला तुझ्या लॅपटॉपचा आतला स्पीकर ओळखताच येत नाहीये. म्हणून ती आवाज एका खोट्या, नसलेल्या स्पीकरकडे पाठवते आहे. बाहेरून लावायचा आवाजाचा खडा मिळाला तर बघ.

आता जे लिहिते, ते लिहिताना माझा हात अडतो आहे. सगळं मी एकटीने केलं असं तुला कळवायचा माझा बेत होता. तो फसला. डोळसांची अक्षरं मला ओळखता आली ती तुझ्यामुळे. मी सात वर्षांची होते, तू अकराचा. शाळेतून आलास की केळीच्या ओल्या खोडावर चाकूने अक्षर कोरायचास आणि माझं बोट त्यात फिरवायचास. "तू मला तुझे ठिपके शिकव, मी तुला माझी अक्षरं शिकवतो." आईच्या केळी नासल्या म्हणून मार खाल्लास, तो तू एकट्याने खाल्लास.

ज्याने मला हे शिकवलं, त्यानेच पुढे शाळेला ते पत्र लिहिलं. हे दोन्ही मला एकत्र ठेवता येत नाही. तुला येतं का?

उद्या इशेंगोमाकडे जाते.

केमिलेंबे


बुकोबा, १९ मार्च

दादा,

आज पुन्हा छापील पत्र. वहिनी, खुर्ची ओढून बस, मोठं आहे.

इशेंगोमाच्या खणात अंगठ्याएवढा खडा निघाला, एका बाजूने लॅपटॉपमध्ये खुपसायचा, दुसऱ्या बाजूने हेडफोन लावायचे. तो म्हणाला, "खेळणं आहे म्वालिमू, याने काय होणार?" मी तिथेच, त्याच्या दुकानात लावला. दोन श्वास गेले. मग पाद्रीबुवा कानात म्हणाले, "स्वागत आहे."

मी हेडफोन इशेंगोमाच्या कानाला लावले. त्याने ते काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाला, "दफनविधीची फुलं परत करतो." आता त्याच्याकडे असली म्हातारी यंत्रं आली की तो गिऱ्हाइकाला सांगतो, थांबा, शाळेतल्या म्वालिमूंना विचारून येतो. काल दोन आणून ठेवली आहेत माझ्या व्हरांड्यात.

परवा, १७ तारखेला दुपारी समितीची वेबसाइट उघडली. पहिल्या फटक्यात! प्रश्नपत्रिका उतरवली, प्रिंटर जोडला. तो असा धडधडला, की बाई ऑफिसातून धावत आल्या. पहिलं पान हातात घेतलं. कचरा. ठिपके स्वच्छ उठलेले, पण शब्द लागेना.

बाई म्हणाल्या, "केमिलेंबे, वाचणारा माणूस सांगून ठेवू का? अजून वेळ आहे."

"माझ्याकडेही आहे," मी म्हटलं.

ते पान घेऊन बसले. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. सगळाच कचरा नव्हता. साधी अक्षरं बरोबर होती, आकडे आणि विरामचिन्हं मात्र परक्या वळणाची. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. सिस्टीम बदलताना ब्रेलची भाषा बदलून बसली होती, दुसऱ्याच देशाची. हे डोळ्यांनी बघणाऱ्याला जन्मात कळलं नसतं, त्याला सगळे ठिपके सारखेच. सेटिंगमध्ये आपली भाषा निवडली, पुन्हा छापलं. पहिली ओळ बोटाखालून गेली: इतिहास, वेळ तीन तास.

सहा प्रती काढल्या. प्रत्येक पान मी स्वतः वाचलं.

आणि काल परीक्षा झाली. एकशे चाळीस मुलं मोठ्या दालनात, माझी सहा त्यांच्यातच, पहिल्यांदाच. बाजूच्या खोलीत नाहीत. तासभर गेला असेल. लिओकाडियाने हात वर केला. ही मुलगी एरवी कोणाशी चढ्या आवाजात बोलत नाही.

बाहेरून आलेले पर्यवेक्षक म्हणाले, "काय पाहिजे? पाणी?"

"नाही सर. नववा प्रश्न चुकीचा आहे. जर्मनांविरुद्धचा माजी माजी लढा १९१५ साली सुरू झाला असं लिहिलंय. तो १९०५ साली झाला."

पर्यवेक्षक हसले. "पोरी, तुझ्या त्या ठिपक्यांच्या यंत्राने चूक केली असेल."

मी दाराशी उभी होते. मला बोलायची मनाई, म्हणून ओठ चावून उभी राहिले. त्यांनी शेजारच्या मुलाची छापील प्रश्नपत्रिका उचलली. मग त्याच्या पलीकडच्याची. दालन इतकं शांत झालं, की कागद वाजलेला मला ऐकू आला. १९१५. सगळ्यांच्याच कागदावर. एकशे चौतीस डोळस मुलांनी तो प्रश्न वाचला होता आणि मान खाली घालून उत्तर लिहायला घेतलं होतं. आदल्या दिवशी ठिपक्यांच्याच चुका शोधणाऱ्या माझ्याही बोटाखालून ते साल निसटलं होतं.

पर्यवेक्षकांनी समितीला फोन लावला. परत आले आणि सगळ्या दालनाला सांगितलं, "नवव्या प्रश्नात दुरुस्ती करा. साल १९०५." थांबले, आणि म्हणाले, "चूक लिओकाडियाने दाखवली."

दादा, मी बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. त्या पोरीला आजवर कोणीतरी वाचून दाखवायचं आणि ती मुकाट्याने ऐकायची. काल तिने स्वतः वाचलं, आणि सगळ्यांची चूक धरली.

हे मी करून दाखवलं. कोकु आजीचे डोळे, नाएलिजवाचं डोकं आणि तुझं केळीचं खोड यांच्यासकट, पण मी करून दाखवलं.

केमिलेंबे


बुकोबा, २ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट पोचलं. आत बसच्या तिकिटांच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर खिळ्याने टोचलेल्या सहा ओळी. पहिल्यांदा बोट फिरवलं तर एक अक्षर लागेना. मला वाटलं, माझीच बोटं दगा देतात. मग उमगलं. मागच्या बाजूने टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं असतं, हे तू विसरलास. तुझं सबंध पत्र आरशातलं उमटलं आहे. मी ते उलट्या बाजूने वाचत गेले. सहा ओळींना सगळी सकाळ लागली. अकरा चुका आहेत. सोबत दुरुस्त करून पाठवते आहे, दहा वेळा गिरव.

तू लिहिलं आहेस, 'उजवा डोळा गेला. डाव्याने धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. डिसेंबरात बस चालवायचं सोडलं. तुला सांगायची लाज वाटली. तेव्हा तुझ्यासाठी घाबरलो होतो, आता माझ्यासाठी घाबरतो. ते पत्र लिहायला नको होतं.'

आता माझी कबुली. मला हे माहीत होतं. वहिनीने त्या पहिल्याच रविवारी रडत रडत सांगितलं होतं. म्हणाली, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो, जेवणाचं ताट चाचपडताना कोणी पाहिलं तर ताट ढकलतो. म्हणून मी लिहायला बसले. मला तुझी कीव करायची नव्हती, तशी कीव मी भोगली आहे. आणि तुला शिकवायला आले असते तर तू दार लावून घेतलं असतंस. म्हणून लॅपटॉपचं सांगत राहिले. त्यात खोटं एवढंच, की ते ठिपक्यांचं पत्र लिहिलं तेव्हा लॅपटॉपला आवाज परत येऊन एक दिवस झाला होता. तारीखही मागची टाकली. तुझी बोटं अजून काम करतात का, ते मला बघायचं होतं.

करतात. डॉक्टरांकडे जायचं सोडू नकोस, उरलेलं जपायचं आहे. पण जे जाईल त्याच्या मागे बसून राहायचं नाही.

त्या जुन्या पत्राचं म्हणशील, तर मी ते विसरणार नाही. पण तू 'नको होतं' असं लिहिलंस, आणि ते अंधारात, खिळ्याने, एकेक ठिपका टोचून लिहिलंस. तेवढं मला पुरे आहे.

इशेंगोमाने आणलेल्या दोन लॅपटॉपपैकी एक मी उभा केला आहे. पंखा साफ केला, सिस्टीम चढवली. यात आवाज बाईचा आहे. तो तुझा. पण पार्सलने पाठवणार नाही. इथे येऊन, स्वतः शिकून घेऊन जा. पुढच्या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे. कोकु आजी म्हणते, भावाला केळी आणि घेवडा मी खायला घालीन, पण त्याने माझ्या मुंग्यांची चेष्टा करायची नाही.

वहिनी म्वांझाला सरोवरातल्या जहाजावर बसवून देईल. पुढे एकट्याने ये. बुकोबाच्या धक्क्यावर गर्दी असेल, हमाल ओरडत असतील, कोणी पिशवी ओढेल, कोणी हात धरेल. कोणाबरोबर जाऊ नकोस. फळीवरून उतरलास की पाय रोवून जागच्या जागी उभा राहा. मी तुझं नाव घेऊन हाक मारीन. तू नुसती ओ दे. तुझ्या आवाजावर मी येते.

तुझी,
केमिलेंबे